केझायाची सही

मी, महाला हॉडसन, कै. एनॉस हॉडसन याची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार मिल क्रीक, इंडियाना, असे लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी बुद्धी ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाविना करीत आहे. शपथ घेणार नाही; आम्ही क्वेकर पंथाचे लोक ती घेत नाही. माझ्या बुद्धीबद्दल एकदा भर प्रार्थनासभेत शंका निघाली होती, ती पुढे येईल.

एक. राहते घर व मागची सफरचंदाची झाडे एनॉसचा पुतण्या लेवाय याला. छप्पर उत्तरेकडून गळते. मला आता शिडी चढवत नाही.

दोन. प्रवचनाचा तंबूही लेवायला. त्याने तो फाडून धान्य झाकावे. त्यात आम्ही नवराबायकोने बावीस उन्हाळे लोकांना पूर्ण पावित्र्याकडे बोलावले. माणसे गुडघ्यांवर येऊन रडत. शेवटी एनॉसचेच गुडघे गेले, आणि मग एनॉसही. तंबू पुन्हा कोणी उभारू नये. मी फार थकले आहे.

तीन. मला पुरताना गाणी नकोत, प्रवचन नको. आमच्या जुन्या क्वेकर सभेत बसत तसे सगळ्यांनी गप्प बसावे. एवढ्या वर्षांत मला कशाची आठवण आली असेल तर त्या शांततेची.

चार. आईचे घड्याळ थोरली बहीण केझाया बंडी हिला. १८६९ साली त्या शांततेत मी उभी राहून म्हणाले, "देवानं माझ्यातलं पाप मुळासकट उपटलं." एनॉस मोठ्याने गाऊ लागला. वडीलधाऱ्यांच्या बाकावरून केझाया उठली. "बसवा हिला. माझ्या बहिणीचं डोकं ठिकाणावर नाही." सभेने आम्हा नवराबायकोची नावे सभासदांतून कमी केली. तेव्हापासून आम्ही बहिणी बोललो नाही. आता लिहिते: आठव्याच दिवशी दूध नासले म्हणून मी एनॉसवर अशी खेकसले की पाप कुठेही गेले नव्हते हे कळले. हे मी कोणत्याही तंबूत सांगितले नाही. त्याची मला लाज वाटते.

कलम चार खोडले आहे. कारण असे: दुसरा साक्षीदार मिळेना, म्हणून मी केझायाला निरोप धाडला. ती काठी टेकत आली. वकील म्हणाला, "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही. साक्ष केलीत तर घड्याळ मिळणार नाही, बाई."

"ते आईच्या वेळेपासून मागं पडतंय. खोड," केझाया मला म्हणाली.

मग तिने सगळे वाचले. दुधापाशी थांबली.

"मला वाटलंच होतं," म्हणाली. "आण इकडे दौत."

मिल क्रीक, चौथ्या महिन्याचा नववा दिवस, १८९१.

सही: महाला हॉडसन

साक्षीदार:
रूथ मॅकॉय, शिक्षिका. सही माझ्यासमोर झाली.
केझाया बंडी, बहीण. सही माझ्यासमोर झाली. हिची बुद्धी ठिकाणावर आहे. १८६९ सालीही होती.