गल्लोगल्ली मिळणारं नाव

मी, खाली सही करणारी, बेकरीवाली बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे आणि माझ्या नणंदेने तो चष्मा बदलून बदलून वाचला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. "नाव कापून टाकीन" अशी धमकी मात्र घरात बऱ्याच जणांना दिली आहे, ती सर्वांनी रद्द समजावी.

कलम १. बेकरीच्या वरच्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव माझ्या मुलाला मिळावी. वकीलसाहेब म्हणतात, इथे मुलाचं नाव लिहा. मी लिहीत नाही. ते नाव लिहिलं तर आमच्या रस्त्यावरचे निम्मे पुरुष ओळखपत्र घेऊन दारात उभे राहतील. शाळेत एकाच वर्गात त्या नावाची इतकी मुलं होती की बाईंनी वैतागून त्यांना नंबर दिले, आणि आमचा निघाला 'चौथा'. तेव्हा माझा मुलगा म्हणजे चौथा, दातांचा डॉक्टर, लहानपणी नको तिथे डोकावल्यामुळे डाव्या भुवईवर ओव्हनच्या दाराची खूण असलेला. खोल्यांची किल्ली देण्याआधी वकीलसाहेबांनी खूण तपासून घ्यावी.

कलम २. बेकरी, ओव्हन, साचे, क्रीमच्या पिशव्या आणि दुकानाचं नाव हे सगळं सुनेला. तिचा हात हलका आहे आणि केकवर अक्षर वळणदार येतं. चौथ्याने त्यात नाक खुपसू नये. मी आयुष्यभर लोकांना गोड खाऊ घालून त्याच्याकडे गिऱ्हाईक पाठवलं, तेवढी मदत त्याला पुरे.

कलम ३. नणंदेला दुकानातली सागवानी खुर्ची द्यावी. तिच्यावर बसून तिने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं आहे की भाच्याचं नाव तिने सुचवलं. कायद्याच्या कागदावर एकदाच नोंदवते: तिने सुचवलेलं नाव निराळं होतं. ते आम्ही वाया घालवलं नाही, दुकानातल्या बोक्याला ठेवलं. त्याला ते शोभलंही. आता आपल्या तोंडाला पानं पुसली असं तिने चारचौघांत म्हणू नये. खुर्ची खरोखर चांगली आहे.

कलम ४. चौथ्याने नाव बदलायचं ठरवलं आहे. कारण असं की समोरच्या फुटपाथवर त्याच नावाचा आणखी एक दातांचा डॉक्टर आला. परवा एक बाई गाल धरून आमच्याकडे आल्या आणि त्या दुसऱ्याने उपटलेल्या दाढेबद्दल याला नको नको ते बोलून गेल्या. मी म्हटलं, दवाखान्याची पाटी बदल. तो म्हणाला, पाटी नाही, माणूसच बदलतो. नावांचं पुस्तक आणून त्याने एक नाव काढलं आहे, अर्थ 'तेजस्वी'. त्या पुस्तकात मुलाच्या प्रत्येक नावाचा अर्थ तेजस्वी नाहीतर विजयी असतो. आळशी, चिडका, उधळ्या अशा अर्थाचं एकही नाव नाही, मग ही माणसं कुठून येतात ते पुस्तकवाल्यांनाच विचारावं.

त्या दिवशी जेवताना तो मला म्हणाला, "आई, अख्ख्या जगात तुला दुसरं नावच सापडलं नाही का गं?"

मी म्हटलं, "नाही सापडलं." आणि त्याला भाजी वाढली.

उत्तर खरं होतं, पण अर्धं होतं. उरलेलं तोंडाने सांगायला गेले तर मला रडू येईल, म्हणून इथे लिहिते. आणि आता वकीलसाहेब, तुम्ही जरा थांबा, हे मी त्यालाच सांगते.

तुझ्याआधी एक होता, हे तुला माहीत आहे. त्याचं नाव मी शोधून शोधून ठेवलं होतं. आमच्या माहितीत कोणाचंच नव्हतं, अर्थ इतका सुंदर की ऐकणारा तो पुन्हा एकदा सांगायला लावायचा. ते केकवर कसं दिसेल म्हणून मी ताटात क्रीमने लिहून बघायची. पहिला वाढदिवस यायच्या आत तो गेला. ते नाव मी केकवर एकदाही लिहिलं नाही.

मग तू पोटात होतास. तुझे बाबा नावांचं पुस्तक घेऊन आले, ते मी उघडलं नाही. मी काउंटरवर उभी राहून लोकांचे केक लिहीत होते आणि बघत होते, कोणतं नाव पुढच्या वर्षी परत येतं. तुझं नाव परत यायचं. आधी एकाची मेणबत्ती, मग दोनाची, मग तो पोरगा स्वतः येऊन चॉकलेटचाच हवा म्हणून पाय आपटायचा. त्या नावाची मुलं मोठी होत होती, बाळा. मला भीती वाटत होती आणि मला तेच नाव हवं होतं. त्याचा अर्थ काय, हे मी आजवर पाहिलेलं नाही.

आता तुला बदलायचं असेल तर खुशाल बदल. त्यासाठी तुझा एक पैसाही अडवलेला नाही. फक्त अर्जावर सही करण्याआधी माझ्या साक्षीदारांना एकदा नीट बघ. एकाच नावाचे दोघे साक्षीदार म्हणजे घोळ होईल, असं वकीलसाहेब म्हणत होते. मी ऐकलं नाही.

ठिकाण: बेकरीच्या मागची खोली.
दिनांक: ९ मार्च.
सही: (वाकडी आली आहे, पण माझीच आहे.)

साक्षीदार पहिला. नाव: तेच. धंदा: नळदुरुस्ती. याचा पहिल्या वाढदिवसाचा केक मी लिहिला. आता केस पिकले आहेत.

साक्षीदार दुसरा. नाव: तेच. धंदा: बस चालवणे. याचाही मीच लिहिला. पोट सुटलं आहे, गुडघा दुखतो म्हणतो, पण चालत आला.