माझ्या हातची गुटी

६ जानेवारी १९९१, रविवार. ठाकुर्ली.
नव्या घरातली पहिली नोंद. इथे माझ्या हातचं काय काय, ते आधी लिहितो: मोरीचा कट्टा, भांड्यांची मांडणी, टाकीचं झाकण, दगडी सहाण (सात दिवस पाणी घालून घासली) आणि सागवानी पाळणा, अडीच फूट, एकही खिळा नाही. शाळा सातवीपर्यंत. लेथ बघून शिकलो, इंग्रजी औषधांच्या चिठ्ठ्यांवरून. ऑक्टोबरात पाय चिरला, सरकारी दवाखान्यात पंधरा दिवस इंजेक्शनं घेतली, मग घरी कॅप्सूल; आता ठणठणीत. बरं वाटल्यावर थांबवल्या; उरलेल्या अकरा डबीत, वर औषधाचं नाव आणि तारीख. मुलगी नंदा बाळंतपणाला आली आहे. बायकोचा, भागीरथीचा, टोमणा: पाळणा झाला, आता निजणारं बाळही तुम्हीच घडवा.

२ फेब्रुवारी.
काल बारसं झालं. नातीला माझ्या आईचं नाव, मनुबाई. घरात मनू. गुटी मीच उगाळतो. हिरडा दोन वळसे, वेखंड एक, जायफळ अर्धा, वर नंदाचं दूध. नंदा म्हणाली, बाबा, हात साबणाने धुवा हो. मी म्हटलं, वास लागतो गुटीला. माझे हात नुसत्या पाण्यानेही स्वच्छ असतात. करंगळीने चाटवली. मनूने बोट सोडलंच नाही.

११ फेब्रुवारी.
भागीरथीला जुलाब. डबीतल्या तीन कॅप्सूल दिल्या, दोन दिवसांत उठून बसली. मग नंदाला झाले, तिला दोन. उरल्या सहा. शेजारच्या शीलावहिनी म्हणाल्या, तुमच्या घरात डॉक्टरचं कामच नाही. दोष पाण्याचा असणार. टाकी उपसून चुना लावला.

१६ फेब्रुवारी.
मनूला सकाळपासून सात वेळा. एक कॅप्सूल उघडून पुडीचे आठ भाग केले, एक गुटीत घातला. पाणी वीस मिनिटं उकळतो, घड्याळ लावून.

१९ फेब्रुवारी.
उतार नाही. कल्याणला डॉक्टरबाईंकडे नेलं. कुठली औषधं दिलीत, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी गुटी सांगितली, कॅप्सूलची पूड नाही. विष्ठा तपासायला घेतली. आणखी एक गोष्ट सुचवली, ती मी नाकारली. इथे लिहीत नाही.

२२ फेब्रुवारी.
मोरी फिनेलने तीनदा. भांडी उकळली. फडकी जाळली. तरी मनूचे डोळे खोल गेलेत, टाळू खाली बसली आहे. सगळं घर धुतलं, आणि ते घरातच आहे. कुठे?

२४ फेब्रुवारी.
मनू दवाखान्यात. रिपोर्ट आला. आठ औषधांची यादी, सातांपुढे लिहिलंय: काम करत नाही. पहिलंच नाव माझ्या डबीवरचं. आठवं सुईतून चालू आहे, पण उशीर झाला म्हणतात. बाई सांगत होत्या, असा जंतू खूप औषधं घेतलेल्या माणसाच्या पोटात मुकाट राहतो. त्याला काहीच होत नाही. तो हातांवरून दुसऱ्याकडे जातो. मग अर्धवट औषधाने मरतात ते दुबळे. हा उरतो, वाढतो.
भागीरथीला झालं. नंदाला झालं. मनूला —
मला नाही.

२५ फेब्रुवारी.
करंगळीचं नख कापलं. मुळाशी. रक्त आलं तरी वाटतं, आहे अजून. आत. मी जेवतो, ते जेवतं. मी झोपतो —
नंदा म्हणाली, बाबा, थोडी गुटी उगाळून आणा, तुमच्या हातची चाटते ती. मी घरी येऊन मोरीत उभा राहिलो. नळ सोडून. तिला सांगायला —

२६ फेब्रुवारी.
पहाटे मनू —
अडीच फूट जास्तच झाले होते. एवढीशी होती.

१ मार्च.
पाळणा सोडवला. खिळा नव्हता, पटकन सुटला. सहाण फोडली. भागीरथी पाणी घेऊन आली, मी पेला धरला नाही. तिने विचारलं, असं का करता? दार लावून घेतलं.

२ मार्च.
नंदा म्हणते, बाबा, तुम्ही केलंत तेवढं कुणी केलं नसतं.
लिहितोच. एकोणीस तारखेला बाई म्हणालेल्या, घरातल्या तिघांची तपासणी करू, आधी तुमची. आणि निकाल येईपर्यंत बाळाला तुम्ही हात लावू नका. मी म्हटलं, माझ्या घरात घाण नाही. पैसे खिशात होते. माणशी साठ रुपये. तिघांचे एकशे ऐंशी, फक्त एकशे ऐंशी —