चौदा फोटोंतल्या एका माशाबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
तलाव व उद्याने विभाग
(टेबल क्रमांक सहा यांच्यामार्फत, ते जागेवर असल्यास)

विषय : खंड्याने चौदा नव्हे, एकच मासा पकडल्याबाबत, तसेच येत्या शुक्रवारी तलावावर टाकावयाचे जाळे थांबविण्याबाबत.

संदर्भ : १) माझे आभार मानणारे आपले पत्र.
२) आपल्या 'आपला तलाव' छायाचित्र स्पर्धेसाठी मी हौसेने पाठविलेले चौदा फोटो.
३) टेबल क्रमांक सहा यांची वेळोवेळीची तोंडी उत्तरे.

महोदय,

गेल्या गुरुवारी दुपारी घरात सामसूम असताना दाराची कडी वाजली. आवाज एवढासाच होता, पण माझी चार वर्षांची मुलगी नुकतीच झोपली होती, आणि तिला झोपविण्यात दोन गोष्टी, एक गाणे व माझा त्या दिवसाचा उरलासुरला धीर खर्ची पडला होता. ती उठली. दारात आपले शिपाई उभे होते. 'तलावातील मत्स्यचोरीचा सबळ पुरावा स्वतःहून सादर केल्याबद्दल' कार्यालयाने माझे लेखी आभार मानले होते. जन्मात पहिल्यांदाच कुठल्या कार्यालयाने माझे आभार मानल्यामुळे आधी आनंद झाला. पत्र दुसऱ्यांदा वाचल्यावर तो ओसरला.

१. आमचे स्वयंपाकघर तिसऱ्या मजल्यावर असून त्याची खिडकी थेट आपल्या तलावावर उघडते. दुपारी मुलगी झोपली की एक तास माझा असतो. त्या तासात भांडी घासावीत असे सासूबाईंचे मत आहे व ते त्या रोज मांडतात. मी मात्र वाळत घातलेल्या फ्रॉकांमागे लपून कॅमेरा धरते. काळा-पांढरा कवड्या खंड्या पाण्यावर येतो, हवेत एकाच जागी पंख फडफडवत टांगल्यासारखा थांबतो, मान खाली घालून बघतो, आणि एकदम पंख मिटून दगडासारखा पडतो. तोवर मी श्वासही घेत नाही. मग बटण दाबते व माझा कॅमेरा एका सेकंदात चौदा फोटो काढतो. हे कॅमेऱ्याचे कसब आहे, पक्ष्याचे नव्हे, हे लिहून द्यावे लागेल असे मला तेव्हा वाटले नव्हते.

२. स्पर्धेसाठी पाठविलेले चौदा फोटो त्या एकाच सेकंदाचे आहेत. पहिल्यात पक्षी पाणी फोडून बाहेर येतो आहे, चौदाव्यात तो बराच वर गेला आहे, आणि सर्वांत त्याच्या चोचीत तोच एक मासा वळवळतो आहे. आपल्या कार्यालयाने फोटो टेबलावर ओळीने मांडले, बोट ठेवून मोजले, आणि 'चौदा पक्षी, चौदा मासे' अशी नोंद केली. मोजणीत चूक नाही, हे मी प्रांजळपणे मान्य करते. त्या नोंदीवरून, पक्ष्यांना मासे मिळू नयेत म्हणून तलावावर जाळे पसरण्याचा आदेश निघाला. स्पर्धेचा निकाल अद्याप लागायचा आहे, खंड्याचा लागला.

३. मी मुलीला कडेवर घेऊन टेबल क्रमांक सहा येथे आले. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे असतात, मादीच्या एकच. चौदाही फोटोंत दोन पट्टे आहेत व डाव्या पंखातले एक पीस सगळीकडे तुटलेले आहे, तेव्हा पक्षी एकच, हे मी दाखविले. साहेबांनी चष्मा वर करून पाहिले. "बाई, गणवेश सारखा म्हणजे माणूस एकच का?" असे ते म्हणाले. मासाही तोच आहे म्हटल्यावर, "मग आणा त्यालाच साक्षीला," असे म्हणून ते चहाला गेले.

४. दुसऱ्या खेपेस मी फोटोंवरची वेळ दाखविली. चौदाही फोटोंवर दोन वाजून दहा मिनिटे तेहेतीस सेकंद अशीच वेळ आहे. यावर साहेब पहिल्यांदाच खुर्चीत ताठ बसले. "एका सेकंदात चौदा मासे? अहो, मग जाळं आजच टाकायला हवं!" त्यांनी माझ्यासमोरच नोंदीत 'प्रति सेकंद' असे शब्द वाढविले. म्हणजे मी गेले होते पक्ष्याला सोडवायला आणि त्याच्यावर आणखी एक कलम लावून आले. घरी येऊन मी हिशेब केला. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपण पाच हजार मासे सोडलेत. या वेगाने ते सहा मिनिटांत संपले असते. तलाव अजून माशांनी भरलेला दिसतो तो बहुधा कार्यालयाच्या वचकामुळे.

५. सत्य परिस्थिती अशी की या पक्ष्याच्या बहुतेक बुड्या फुकट जातात. त्या दिवशी त्याने अकरा वेळा सूर मारला. मासा मिळाला दोनदा. उरलेल्या नऊ वेळा तो चोच झटकत, ओला होऊन परत वर गेला व पुन्हा हवेत उभा राहिला. मी स्वतः आपल्या कार्यालयात आजवर सात खेपा घातल्या असून माझ्या चोचीत काहीही आलेले नाही. त्यामुळे चोर म्हणून त्याच्याबद्दल आपणांस काय वाटते ते वाटो, अर्जदार म्हणून मला त्याच्याबद्दल आदर आहे.

६. आता मुद्द्याचे. समोरच्या मातीच्या काठात हातभर खोल बीळ आहे. आठ दिवसांपासून नर-मादी दोघेही चोचीत मासा घेऊन आत जातात व रिकामी चोच घेऊन बाहेर येतात. म्हणजे आत पिल्ले आहेत. मलाही एक पिल्लू असल्याने हे ओळखायला कॅमेरा लागला नाही. आपले जाळे केसासारखे बारीक आहे. आपल्याच माणसांनी ते काठावर पसरले तेव्हा मला खिडकीतून दिसले नाही. खंड्या पडताना मासा बघतो, जाळे बघत नाही. शुक्रवारी सकाळी जाळे टाकले तर दुपारपर्यंत तो त्यात अडकेल, आणि मग बिळात कोणी जाणार नाही.

७. तरी विनंती की, 'चौदा' च्या जागी 'एक' अशी दुरुस्ती व्हावी. पिल्ले उडेपर्यंत, म्हणजे फार तर महिनाभर, जाळे गुंडाळून ठेवावे. त्यानंतरही टाकणे भागच असेल तर वरून दिसेल असे जाड दोरीचे टाकावे. हे तिन्ही अशक्य असल्यास आपण स्वतः एका दुपारी आमच्या खिडकीशी यावे. फ्रॉकांमागे दोघांपुरती जागा आहे. कृपया कडी वाजवू नये, दार नुसते लोटलेले असेल.

८. बागेच्या फाटकावर आपण माझा सातवा फोटो मोठा करून 'मासेचोरांपासून सावध' या मथळ्याखाली लावला आहे, व खाली 'सौजन्य : तिसऱ्या मजल्यावरील जागरूक गृहिणी' असे छापले आहे. फोटो छान आला आहे. तो उतरवावा.

पुरावा दिल्याचा पश्चात्ताप करणारी,
तिसऱ्या मजल्यावरील गृहिणी
(जागरूक, कारण मुलगी झोपू देत नाही)

दिनांक : बुधवार, म्हणजे जाळ्याच्या दोन दिवस आधी

सोबत :
१) एकाच माशाचे चौदा फोटो, या वेळी क्रमांक घालून.
२) रिकाम्या चोचीचे नऊ फोटो. हेही मोजावेत.
३) बिळाचा एक फोटो. आत अंधार असल्याने पिल्ले दिसत नाहीत; म्हणून ती नाहीत, असे कृपया नोंदवू नये.

ता. क. : हा अर्ज मी काल रात्रीच लिहिला असता, पण संध्याकाळी मुलीला बागेत नेले होते. तिने या पक्ष्याचे नाव डुबुक ठेवले आहे. रोज उठल्यावर ती आधी खिडकीशी जाते व डुबुक जेवला का, हे मला विचारते. फाटकावरचा फोटो तिने लांबूनच ओळखला, टाळ्या पिटल्या, आणि खाली काय लिहिले आहे ते वाचून दाखव म्हणून हट्ट धरला. मी वाचून दाखविले. खोटे वाचायला हवे होते, ते सुचले नाही. रात्री पांघरूण घालून दिवा मालवल्यावर तिने जे विचारले, ते जसेच्या तसे खाली देत आहे. उत्तर टेबल क्रमांक सहा यांना ठाऊक असल्यास त्यांनी कळवावे. ती म्हणाली, "आई, डुबुकचं नाव तू सांगितलंस?"