सिमवर ठेवलेलं सूप

ती. दादांस,

वाकून नमस्कार. (वाकलो तो कंबर धरून, पण नमस्कार पुरता पोचला असं समजावं.) तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि वरच्या भाडेकऱ्याची बासरी ही तिन्ही दुखणी आता उताराला लागली असतील अशी आशा आहे. तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची ही, तुमच्याकडे रागावून आलीच आहे. हकिगत तिने सांगितली असेल. ती सगळी खरी आहे, पण त्यातली शास्त्रीय बाजू तिने गाळली असणार, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. शेगड्या, मिक्सर यांच्या खोक्यात येणाऱ्या (आणि खोक्यातच राहणाऱ्या) इंग्रजी पुस्तिका मी मराठीत आणतो. या खेपेला एका शेगडी कंपनीचं सुपांचं पुस्तक आलं आणि पहिल्याच पानावर 'सिमर' आडवा आला. आपण त्याची शेपटी कापून त्याला केव्हाच घरात घेतलंय. गॅस सिम कर, सिमवर आहे ना बघ. पण आपलं सिम शेगडीच्या बटणाचं, आणि त्यांचं सिमर भांड्यातल्या पाण्याचं. ही म्हणाली, "मंद आचेवर असं लिहा आणि जेवायला या." आता मंद असते ती आच. वरचं पाणी त्या वेळी काय करत असतं? खळखळणं तर उकळीचं झालं. रटरटायला दाटपणा लागतो. खदखदणं माणसांनीच वापरून संपवलंय. (इंग्रज माणूस रागावून गप्प बसला की तोही सिमर होतो म्हणे. आपल्याकडे तो धुमसतो.) आठवडाभर मी चहाच्या आधणावर वाकून होतो आणि घरात धड चहा कोणाला मिळाला नाही.

अशात रविवार आला. हिला ऑफिसात बढती मिळाली, म्हणून तिकडची मंडळी जेवायला यायची होती. सकाळपासून खपून हिने वाटाण्याचं सूप केलं, पातेलं सिमवर ठेवलं आणि पाव आणायला खाली जाताना मला बजावलं, "काही करू नका, नुसतं बघा." दादा, मी बघितलं. इतकं मन लावून मी लग्नात हिच्याकडेही बघितलं नव्हतं. कडेकडेने एकेक बुडबुडा वर यायचा, जरा थबकायचा, फुटायचा. आता उकळीशी ताडून पाहिल्याशिवाय व्याख्या कशी व्हायची? म्हणून गॅस जरासा मोठा केला आणि लिहीत बसलो. मग बुडबुडे थांबले. हे कोणत्याच कोशात नव्हतं, म्हणून टिपून घेतलं. रंग बदलला, तोही टिपला. वासाबद्दल एक स्वतंत्र वाक्य लिहिलं. तेवढ्यात ही पाहुण्यांसकट दारात उभी राहिली आणि मी (हात दाखवून अवलक्षण) ते सगळं मंडळींना हौसेने वाचून दाखवलं.

मंडळींनी कोरडा पाव खाल्ला. चांगली माणसं, कोणी वासाचं नाव काढलं नाही. त्यांच्यासमोर ही हसत होती. ते गेल्यावर हिने धुमसत बॅग भरली.

तर विनंती एवढीच, की करपलेलं पातेलं कशाने घासावं ते हिला विचारून कळवावं. वहिनींना नमस्कार.

आपला,
(अजून तरी) मेहुणा

ता. क. छापखान्यातून निरोप आला. 'मंद आचेवर' चालेल म्हणतात. हे हिला सांगू नये.

ता. क. दुसरा. पातेलं मी त्याच दिवशी घासलं, आता त्यात तोंड दिसतं. त्याबद्दल काही विचारू नका. ही परत कधी येते ते विचारा. हिच्या ऑफिसात जाऊन मंडळींची माफी मागितली आणि त्यांना पुन्हा बोलावलंय, या वेळी हॉटेलात. मला घरात अजिबात करमत नाही.

ता. क. तिसरा. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून पत्र मीच घेऊन आलो आणि तुमच्या दाराखालून आत सरकवतोय. जिन्यात बसलोय. वाचून झालं असेल तर दार उघडा. हिने उघडलं तर फार बरं.