मागच्या चाकाचा आऊट

बाबा, तुम्ही एकेक स्पोक ओवून भरून दिलेल्या, माझ्या सायकलच्या मागच्या चाकाबद्दल लिहायचं आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्या चाकाला कुणी स्पोकची चावी लावली नव्हती. आता लागली आहे. चाक डुगडुगतं, एका बाजूला वाकून ब्रेकला घासतं, आणि हा आऊट काही मला काढता येत नाही.

गेली तीन वर्षं मी लांब पल्ल्याची सायकल चालवतो. तुम्ही हसाल. बँकेतल्या खुर्चीत बसून बसून वय बावन्न झालं आणि मग हे खूळ डोक्यात शिरलं. अमरावतीहून निघायचं, अकोला ओलांडून पातूरचा घाट चढायचा, थोडं पुढे जाऊन उलट यायचं. आमच्या सायकल ग्रुपची ही दरवर्षीची फेरी, तीनशे किलोमीटर, वीस तासांच्या आत. पहिल्या वर्षी मी पन्नास मिनिटं उशिरा आलो, दुसऱ्या वर्षी चाळीस. मग ठरवलं, सायकलच वेगवान करायची. कॅरिअर काढलं, मडगार्ड काढले, स्टँड काढला. जाड टायर उतरवून बारीक चढवले. बाभळीच्या काट्यांसाठी तुम्ही टायरच्या आत जुन्या ट्यूबची पट्टी कापून घालायचात, तीही काढून टाकली. काढलेली एकेक वस्तू मी स्वयंपाकघरात नेऊन तोलायचो. "सायकलचं तं समदं काढून झालं," तुमची सून म्हणाली, "आता सोताचं पोट कवा काढता?" आमच्या ग्रुपमधली पोरं म्हणायची, काका, ते मागचं छत्तीस स्पोकचं धूड आधी बदला. ते मात्र मी बदललं नाही. माझ्या वडिलांनी भरलंय, केसभर हललं नाही अजून, असं ऐटीत सांगायचो.

चांदूर बाजारचं आपलं सायकल दुरुस्तीचं दुकान आठवतं. बाजाराचा दिवस, खेड्यावरचे लोक सकाळीच सायकली टाकून गेलेले. तुम्ही चाक फिरवता आहात आणि रिंगजवळ खडू धरला आहे. जिथे रेघ उमटेल तिथे चाक बाहेर आलेलं. तुम्ही चावी माझ्या हातात देता आणि मी एकच स्पोक पिळत सुटतो. तुम्ही चावी काढून घेता. "एकाच स्पोकवर काहून राग काढून राहिला? अर्धा आटा याले आवर, अर्धा बाजूच्याले सोड. चाकाले घाई समजत नाही." मी दहावीत आहे, मला घाई आहे, मी उठून अभ्यासाला जातो. तुम्ही पुन्हा कधी बोलावलं नाहीत, मीही आलो नाही. नोकरी लागली तेव्हा मी न मागता हे चाक भरलंत. दोन दिवस लागले तुम्हाला. "हे तुले दगा देनार नाही," एवढंच म्हणालात.

यंदा घाट चढलो, परतीला अकोला मागे टाकलं आणि बोरगावच्या पुढे एका बाभळीखाली थांबलो. दिवस मावळत होता. अजून ऐंशी किलोमीटर, हातात सव्वापाच तास. जमण्यासारखं होतं, पण पायात काही उरलं नव्हतं. पंक्चर तरी व्हावं असं वाटत होतं. एरवी त्या रस्त्याला काट्यांचा सडा असतो, त्या दिवशी एक लागला नाही. सायकलवरून काढण्यासारखं सगळं काढून झालं होतं, आता उशीर झाला तर दोष कशावर ढकलणार? मी ग्रुपच्या मदतीच्या गाडीला फोन केला. ती यायला वीस मिनिटं होती. पिशवीत चावी होती. एका बाजूचे काही स्पोक मी सैल केले. कोणते, किती आटे, काही मोजलं नाही.

पोरं आली, चाक फिरवून पाहिलं. "काका, सांगितलं होतं ना. जुनं काम, कधीतरी जाणारच." मी मान हलवली. अमरावतीपर्यंत ती तुमच्या कामाबद्दल बोलत राहिली आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. बाबा, फार लाज वाटली.

मग महिनाभर खडू घेऊन बसलो. एकीकडे आवरलं की दुसरीकडे बाहेर येतं. शेवटी वलगाव रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी चाक फिरवलं, स्पोकच्या बुडांवरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं. "हे रस्त्यानं नाई झालं, भाऊ. कोनतरी जानून चावी फिरवली." चाक माझ्या हातात परत देत म्हणाले, "भरनाऱ्याचा हात लय चांगला होता. तो असन तं त्याच्याकडंच न्या."

नेतो म्हणालो आणि चाक घरी घेऊन आलो.

चाकाला काही झालं नव्हतं, बाबा. मी थकलो होतो. ग्रुपमधल्या पोरांना हे सांगायला हवं. रोज ठरवतो, रोज राहून जातं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही हे मला माहीत आहे.