एक-दोन-चारच्या खणात आपलं घराणं

तीर्थस्वरूप दादास,

पाया पडते, वहिनींचे गुडघे कसे आहेत ते कळव, पण तुझ्या त्या मेल्या शपथेपायी दवाखान्यात माझी जी शोभा झाली ती आधी ऐक. पत्र अर्धवट वाचून खिशात कोंबू नकोस. मी तुला ओळखते.

नातवाला दोन वर्षं झाली तरी दात दोनच, तेही पेन्सिलीसारखे टोकदार. केस म्हणजे उशीतून निसटलेला कापूस. घाम मुळीच नाही, उन्हात नेलं की तव्यासारखा तापतो. विहीणबाई म्हणतात सुनेनं पोटुशी असताना दूध घेतलं नाही. (स्वतः बाईंनी दुधाच्या पातेल्याला कधी हात लावू दिला होता का!) लेकीला आता पुन्हा पाचवा महिना आहे आणि ती मान वर करून बघत नाही, घास तोंडाशी नेते नि खाली ठेवते. म्हणून मी दोघांना घेऊन मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

या बाईंचं काम असल्याच पोरांचे प्रकार लावण्याचं. शंभरावर प्रकार आहेत म्हणे. केस म्हणजे एक, दात दोन, नखं तीन, घाम चार. ज्याचं जे बिघडलं ते आकडे जोडायचे आणि त्या पोराच्या कागदांचं पाकीट त्या खणात. आपला एक-दोन-चार. तीन का नाही, तर नखं धड आहेत, हे त्यानं बाईंच्या गालावर लगेच सिद्ध केलं. मग त्यांनी विचारलं, आईच्या माहेरी, आजोळी, कुणाला असं होतं का? मी ताठ मानेनं म्हटलं, आमच्यात सगळे दातांचे पक्के! बाईंनी पाकिटावर 'मागे कुणी नाही' लिहिलं आणि ते एकटंच बाजूला ठेवलं. मागचं कळलं असतं तर पुढच्या बाळाचं काही आधी सांगता आलं असतं, म्हणाल्या. लेकीनं माझ्याकडे असं बघितलं दादा, की मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मग बाई तिचं रक्त काढायला तिला आत घेऊन गेल्या. खोली गार होती, पडदा हलत होता, नातू मांडीवर झोपला. टेबलभर फोटो पसरलेले, कुठल्या कुठल्या मुलखातली पोरं, कुणी काळं, कुणी पांढरंफटक, पण कपाळ तेच, ओठ तेच, केसांचा तोच धूर. माझा डोळा लागला की नाही सांगता येत नाही. ती सगळी पोरं टेबलावरून उतरून पाण्यात जाऊन बसली, गळ्यापर्यंत, जणू एकाच आईची. त्यांच्या मध्ये पाच वर्षांचा तू, आपल्या मागच्या हौदात, भर दुपारी, माझ्याकडे बघत हसतोयस आणि तोंडात एकही दात नाही. मी ओरडले, "बाहेर ये रे, बोटं सुरकुतली बघ!" नातू दचकून रडायला लागला. डॉक्टरीणबाई धावत आल्या. म्हणाल्या, "आजी, कुणाला हाक मारलीत?"

तुझी धाकटी बहीण

ता. क. शपथ मी तिथंच मोडली. तुझ्या कवळीचं सांगितलं, केसांच्या टोपाचं सांगितलं, घाम येत नाही म्हणून उन्हाळाभर हौदात बसायचास तेही. सायकलवरून पडून दात गेले ही तुझी कथा बाईंना ऐकवली तर म्हणाल्या, सगळेच्या सगळे, एका सायकलनं? त्यांनी घराण्याचा नकाशा काढलाय. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. तुझा चौकोन काळा रंगवला, आणि माझ्या नि लेकीच्या गोलात एकेक ठिपका, म्हणजे स्वतः धड, पण रक्तातून पोरांना देणाऱ्या; दुधाचा संबंधच नाही. लेक तो कागद विहीणबाईंसमोर ठेवून पोटभर जेवली.

ता. क. दुसरं. नुसतं माझ्या सांगण्यावर बाई पक्की शाई वापरत नाहीत, आत्ता पेन्सिलच आहे. त्यांना तू हवायस, रक्त द्यायला आणि तोंड उघडून फोटोला, कवळी काढून, टोप काढून. येत्या सोमवारी. तुला लाज वाटते ठाऊक आहे. लेकीला सहावा लागतोय, हेही तुला ठाऊक असू दे.

शुक्रवारच्या आत उत्तर हवं. 'बघतो' हे उत्तर नव्हे.