पोलोग्राउंडचा हत्ती

॥ श्री ॥
स्नेहलतागंज, इंदूर
६ जानेवारी १९९७

तीर्थरूप बाबांस,
शैलजाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आई बरी आहे. गुडघा थंडीपुरता कुरकुरतो, पण तुम्हाला लिहू नको असं तिने बजावलं होतं, म्हणून लिहिलं असं तिला कळवू नका.

तुम्हाला न विचारता एक गोष्ट केली, ती आधी कबूल करते. पोलोग्राउंडला टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेम बनवणारा एक कारखाना आहे. आजवर ते बाहेरचे गेम डब्यात भरून विकत होते. आता स्वतःचे, आपल्याकडचे गेम काढणार म्हणून चित्रकार हवेत अशी पेपरात जाहिरात आली. कॉम्प्युटरची डिग्री आणि अनुभव आवश्यक, असं त्यात होतं. माझ्याकडे दोन्ही नाही. तरी गेले, कारण जाहिरातीत नमुन्याचं चित्र छापलं होतं आणि तो चक्क तुमचा ग्राफ होता! मिलच्या डिझाइन खात्यातून रविवारी घरी आणून तुम्ही साडीचे काठ भरायचात ना, तसाच चौकटींचा कागद. एकेक घर रंगवायचं आणि लांबून पाहिलं की पक्षी.

मालक जयेशजी यांनी बारा चित्रांची परीक्षा घेतली. प्रत्येक चित्र सोळा घरं उंच, सोळा घरं रुंद, रंग तीनच. मी विचारलं, आधी टीव्हीवर एक घर बघू का? कंपासपेटीतली फूटपट्टी काढून मोजलं तर टीव्हीवरचं घर चौरस नाहीच. रुंद जास्त, उंच कमी. म्हणून मी गोल वस्तू सोळा घरं उंच काढली की रुंदीला बाराच घरं घेतली, म्हणजे टीव्हीवर ती गोल दिसेल; जनावरांनाही तेच माप. तिथे बंटी म्हणून बी.ई. झालेले एक जण आहेत. कागद पाहून ते म्हणाले की हा हत्ती डायटिंगवर आहे काय. सगळे हसले. मला लाजेने कारण सांगता आलं नाही. कागद ठेवून चालत घरी आले.

उत्तर आठ दिवसांत येईल. झोप लागत नाही, असं मात्र समजू नये.

काळजी करू नये, पण आठवण ठेवावी.
तुमची शैलजा


इचलकरंजी
१४ जानेवारी १९९७

चि. शैलजा हीस,
अनेक आशीर्वाद. तिळगूळ कागदातून जात नाही, तेव्हा शब्दावर भागव.

फूटपट्टी घेऊन टीव्हीला भिडलीस हे वाचून खोलीत एकटाच मोठ्याने हसलो. शेजारचा कामगार विचारायला आला की बरं आहे ना. मिलमध्ये एकदा डिप्लोमा झालेला एक मुलगा आला होता. त्याने कागदावर इतकं देखणं कमळ काढलं की मॅनेजरने ते भिंतीला लावलं. कापडावर मात्र त्याचा दुधीभोपळा झाला. आपल्या कापडात उभे धागे दाट आणि आडवे विरळ, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तू आठ वर्षांची असल्यापासून मी तुला एवढंच शिकवलं की कापडाला विचारल्याशिवाय कागदाला पेन्सिल लावू नये. ते तू टीव्हीला विचारलंस. मला आनंद झाला.

हत्ती कोणता काढलास? लग्नाच्या साडीच्या काठाचा, शेपटी वर असलेला? मिल बंद पडली, पण त्या जनावराला तू रिटायर होऊ देत नाहीस.

इथे काम आहे. मागावर टॉवेल निघतात. टॉवेलला नक्षी लागत नाही, त्यामुळे मी धागे तुटतात ते बघतो. पोह्यांवर इंदूरसारखी शेव मागितली तर लोक चमत्कारिक नजरेने पाहतात.

आईला जपावे. तिचा गुडघा कसा आहे, हे मी विचारलेलं नाही.
तुझा, बाबा


स्नेहलतागंज, इंदूर
२ फेब्रुवारी १९९७

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार. हे पत्र रागात लिहीत आहे, अक्षराला क्षमा असावी.

आठ दिवसांचे सत्तावीस झाले म्हणून काल स्वतःच गेले. जयेशजी म्हणाले, बेटा, हात चांगला आहे, पण डिग्री नाही, अनुभव नाही, आमच्या ब्रोशरात काय छापायचं? अनुभव कुठे मिळतो, विचारलं. तर म्हणे कामावर. आणि काम कुठे मिळेल? तर म्हणे, अनुभव असला की कुठेही. हे त्यांनी इतक्या प्रेमाने सांगितलं की क्षणभर मलाच वाटलं, मी काहीतरी बेशिस्त मागते आहे.

बाबा, मिल बंद झाली नसती तर मी कॉलेज सोडलं असतं का? मिल मी बंद केली का? हे त्यांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही. फक्त माझी बारा चित्रं वापस मागितली. ती ऑफिसात कुठेतरी असतील, बघू, असं म्हणाले. कागद त्यांचा होता, म्हणून मला जास्त आग्रह करता येईना.

आईने दत्तोपंतमामांशी बोलून ठेवलं आहे. अक्षय्यतृतीयेपर्यंत दुसरं काही मिळालं नाही तर त्यांच्या साडीच्या दुकानात काउंटरवर बसायचं. जे काठ मी भरू शकते, ते घडी करून पिशवीत घालायचे. मामा चांगले आहेत, तक्रार नाही. पण एकदा बसले की तिथून कुणी मला चित्रं काढायला बोलावणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

रागाने लिहिलेलं प्रेमाने वाचावं.
शैलजा


स्नेहलतागंज, इंदूर
२० एप्रिल १९९७

तीर्थरूप बाबांस,
नमस्कार. कुशल नंतर लिहीन.

आज शेजारच्या उषाकाकूंकडे हळदीकुंकवाचं ताट वापस द्यायला गेले. त्यांची श्रेया टीव्हीवर नवीन गेम खेळत होती. पोलोग्राउंडचाच, डब्यावर नाव होतं. जंगलातून बैलगाडी पळवायची आणि वाटेत जनावरं चुकवायची. तिसऱ्या वळणावर हत्ती आला.

बाबा, तो माझा हत्ती होता. शेपटी वर, डोळा एकच पांढरं घर, पायाची नखं एकाआड एक. मी इतकी जोरात ओरडले की काकूंच्या हातातलं ताट पडलं. मग मी श्रेयाला पुढे पुढे खेळायला लावलं. ती पोरगी माझ्यासाठी चार वेळा मेली. मोर माझा, पतंग माझा, विहीर माझी. मोजून सात चित्रं आहेत. एकही घर बदललेलं नाही. आणि टीव्हीवर हत्ती छान भरदार दिसतो, डायटिंग कुठे नाही. गाडीची चाकं त्यांच्या माणसांनी काढली असावीत. ती पुरीवर कुणी बसल्यासारखी चपटी आहेत.

ज्या हाताला डिग्री नाही त्याला आत घ्यायचं नाही, पण त्याने काढलेलं घ्यायचं! दुपारपासून आई म्हणते आहे, जाऊ दे. मला जाऊ देता येत नाही.

पण एक गोष्ट टोचते. तो हत्ती मुळात तुमचा. तुम्ही तो मिलसाठी काढला, म्हणजे कदाचित मिलचा. मग मी कुठल्या तोंडाने भांडू? मीही उचललेलाच ना? तुम्ही नाही म्हणालात तर जाणार नाही. लवकर लिहावं.

लोभ आहे हे माहीत आहे, तरी उत्तरात लिहावा.
शैलजा


इचलकरंजी
२७ एप्रिल १९९७

चि. शैलजास आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच वापस आणला. इतका राग मला मिलच्या फाटकाला कुलूप लागलं त्या दिवशीही आला नव्हता.

तुझ्या शंकेचं उत्तर. सव्वीस वर्षांत मी काढलेल्या एकाही काठावर माझं नाव लागलं नाही, आणि मी ते मागितलं नाही, कारण दर महिन्याला पगार घेत होतो. मिलने मला कामावर ठेवून माझी चित्रं घेतली. या माणसाने तुला दारातून वापस पाठवून तुझी घेतली. हा फरक लहान नाही. आणि साडीवरचा हत्ती कापडाच्या उभट घरांसाठी होता. आडव्या घरांवर तो पुन्हा नव्याने मोजावा लागतो, हे तुझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत? मला विचारशील तर हत्ती हा हत्तीचा, मेहनत तुझी.

तेव्हा जा. ओरडू नकोस, तुला ओरडता येत नाही, आवाज चिरकतो. स्वच्छ शब्दांत सांग. आणि चाकं चपटी का होतात ते त्यांना कळलेलं दिसत नाही. ते फुकट सांगून येऊ नकोस.

आईला सांग, मी जाऊ दे म्हणणार नाही.
बाबा


स्नेहलतागंज, इंदूर
३ मे १९९७

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार, आणि त्याहून जास्त क्षमा.

गेले. स्वच्छ शब्दांत सांगितलं. जयेशजी आधी म्हणाले, ही चित्रं तुझी नाहीतच. मी सातही चित्रं तिथेच बसून पुन्हा काढायला घेतली, तेव्हा म्हणाले, ठीक आहे, पण परीक्षा तू खुशीने दिलीस, आम्ही तर तुला मौका दिला, सोळा घरांचं चित्र ते काय आणि त्याची मालकी ती काय. मी उठलेच होते. पण बाजूला टीव्हीवर पुढच्या गेमची गाडी चालू होती, तीच चपटी चाकं. टीव्ही बिघडला समजून त्यांनी दोन टीव्ही बदलले होते. बंटी कपाळाला हात लावून बसले होते.

आणि बाबा, मी सांगून टाकलं. सोळाला बारा. फूटपट्टी त्यांच्याच टेबलावरची घेऊन मोजून दाखवलं. चुकीचं चाक समोर फिरत असताना मला गप्प बसताच आलं नाही. वाक्य संपल्यावर कळलं की माझ्याकडे जे एकच होतं ते देऊन बसले. जयेशजींनी थँक यू म्हटलं आणि चहा मागवला. तो मी प्यायले नाही, एवढंच माझं शौर्य.

आता त्यांना माझी गरज नाही. नऊ तारखेपासून मामांच्या दुकानात बसते.

ही मूर्ख मुलगी तुमचीच, तेव्हा लोभ टाळता येणार नाही.
शैलजा


इचलकरंजी
८ मे १९९७

चि. शैलजास आशीर्वाद.

मिलच्या शेवटच्या दिवशी, दुपारी फाटक बंद होणार हे ठाऊक असताना, मी एका काठातलं चुकलेलं घर खोडून नीट करत बसलो होतो. ते कापड कधी विणलं जाणार नव्हतं. तेव्हा तुला मी काय बोलू? खोट घराण्यात आहे.

बारा हा आकडा मिळाला म्हणजे हात मिळाला असं नव्हे. दुकानात बस, पण पेन्सिल सोडू नकोस.
बाबा


स्नेहलतागंज, इंदूर
१४ मे १९९७

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

काउंटरवरच्या तिसऱ्या दिवशी बंटी स्कूटरवरून मामांच्या दुकानात आले. मामांना वाटलं गिऱ्हाईक, त्यांनी दोन साड्या उलगडल्यासुद्धा. बंटींनी खिशातून कागद काढले. सोळाला बारा करून चाकं गोल झाली होती, पण त्यांच्या बैलांच्या बकऱ्या झाल्या होत्या. पाय कुठून कमी करायचे, पोट कुठे ठेवायचं, ते त्यांना जमेना. म्हणाले की तुमच्या हत्तीवर हसलो ते माझं चुकलं, आता चला, भियांनी, म्हणजे जयेशजींनी, बोलावलंय. मामांनी सुट्टी दिली, आणि साड्या स्वतः घडी केल्या.

जयेशजींनी नोकरीचा फॉर्म पुढे केला. शिक्षणाच्या रकान्यात बी.एस्सी. चालू आहे असं लिही म्हणाले. सगळेच लिहितात, बघतं कोण. मी बारावी लिहिलं. खाली लिहिलं, चित्रकाम घरी, वडिलांच्या हाताखाली, अकरा वर्षं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग अनुभवाचा रकाना आला. तिथे निरंक लिही म्हणाले, आणि पदाच्या जागी ट्रेनी, सहा महिने.

बाबा, मी लिहिलं: याच कारखान्याच्या बैलगाडी गेममध्ये सात चित्रं, सध्या बाजारात विक्रीस. आणि पदाच्या जागी चित्रकार. म्हटलं, यावर तुमची सही हवी, नाहीतर माझीही नाही. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला. हे लिहिता येणार नाही म्हणाले. मी विचारलं, यातलं खोटं कोणतं तेवढं दाखवा. आवाज चिरकला, तुम्ही म्हणता तसाच. शेवटी बंटीच म्हणाले की भिया, लिखा तो सही है, कर दो साइन. त्यांनी केली. सोमवारपासून जायचं आहे.

आईने देवापुढे साखर ठेवली. उषाकाकू येऊन गेल्या. श्रेया मला हत्तीवाली ताई म्हणते. सगळे खूश आहेत आणि मी सकाळपासून धुमसते आहे, ते तुम्हालाच लिहिता येईल. फॉर्ममधला तो अनुभव मला कुठून मिळाला? त्यांनी माझी चित्रं चोरली म्हणून. ते सरळ असते, त्यांनी बाराही कागद पाकिटात घालून वापस पाठवले असते, तर माझा तो रकाना आजही रिकामा असता आणि मी साड्या घडी करत असते. प्रामाणिक माणसाच्या दारातून मी आत जाऊच शकले नसते, बाबा. ही कसली व्यवस्था? सोमवारी मी नीट काम करीन, घर न घर मोजून करीन, पण याबद्दल खूश हो असं मला कुणी सांगू नये. तुम्हीसुद्धा.

राग तुमच्यापाशी ठेवायला पाठवते आहे. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

तुमची,
शैलजा